माझं नाव वगळून

"शिष्यवृत्तीवाले कोण कोण आहेत? उभे राहा जरा."

एफवायचा वर्ग. कल्याणचं कॉलेज. सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला. अकाउंट्सचे सर हातात कागद घेऊन उभे. मी तिसऱ्या बाकावर, शेजारी प्रज्ञा. आम्ही दोघी मोहन्याच्या, एकाच चाळीतल्या, बालवाडीपासून एकत्र. मला वाटलं काहीतरी मिळणार असेल. पुस्तकं वगैरे. म्हणून मी पटकन उठले. हो, पटकन. आनंदाने. हे आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

भरलेल्या वर्गात आम्ही वीसेक जण उभे. मागच्या बाकांवरची पोरं माना उंच करून बघत होती. सरांनी चष्म्याच्या वरून आमच्यावर नजर फिरवली आणि म्हणाले,

"बघून घ्या. हे सगळे सरकारचे जावई."

वर्ग हसला. मग सरांचं लक्ष आम्हा मुलींकडे गेलं.

"आणि या सुना."

वर्ग आणखी जोरात हसला. पोरांनी बाकं वाजवली. पुढच्या बाकावरच्या ज्या मुलीकडून मी सकाळीच पेन मागून घेतलेलं, तीसुद्धा हसली. सर स्वतःही हसले. सर तसे चांगले आहेत, असं सगळे म्हणतात. विनोदी स्वभाव म्हणे. मग त्यांनी कागद वाचला. तुमची फी सरकारकडून अजून आलेली नाही, येईल तेव्हा येईल, तोवर तुमचा प्रवेश तात्पुरता, ऑफिसात जाऊन सही करून या. बसा.

बसले. कान तापलेले. प्रज्ञा वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावले. तिने सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलेलं. वर तारीख.

"कशाला लिहितेस गं?"

"विसरायला नको म्हणून."

मी मात्र विसरायचं ठरवलं. मला वाटायचं, अशा गोष्टी मनाला लावून घेतल्या तर शिकायचं कधी? मान खाली घालायची, तीन वर्षं काढायची, डिग्री घ्यायची आणि सुटायचं. प्रज्ञाला मी तसं म्हटलंसुद्धा. तिला वाद घालायची सवय नव्हती, पण तिचं म्हणणं ती सोडायची नाही.

आमच्या घरचं सांगते. पप्पा मोहन्याच्या जुन्या कंपनीत होते. मी लहान असताना कंपनी बंद पडली. त्यानंतर त्यांनी काय काय नाही केलं. रिक्षा चालवली, लग्नांमध्ये वाढपी झाले, आता डोंबिवलीत एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. मम्मी दोन घरी पोळ्या करते. प्रज्ञाकडे तेही नाही. ती सातवीत असताना तिचे वडील गेले. आई शहाडला एका दवाखान्यात झाडलोट करते. पाठची बहीण शाळेत. दोन्ही घरांतून बारावीच्या पुढे गेलेल्या आम्ही पहिल्याच. कॉलेजची फी आमची आम्ही भरणं शक्यच नव्हतं. फॉर्म भरायचा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, कॉलेजने तो पुढे पाठवायचा आणि फी सरकारने भरायची. एवढ्या एका गोष्टीवर आमचं शिक्षण चाललेलं. ती काय मेहेरबानी नव्हती. हक्क होता. पण हक्क हा शब्द मला तेव्हा नुसता पाठ होता. जयंतीच्या भाषणांतून ऐकलेला.

प्रज्ञा माझ्यापेक्षा हुशार. हे मी आता सांगते असं नाही, शाळेपासून सगळ्यांना माहीत. कॉस्टिंग तिने मला शेअर रिक्षात शिकवलं. मोहन्याहून कल्याणला येईपर्यंत एक गणित. एकदा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, माझा पण हिशोब काढा ना जरा, गॅस-बिस सगळं धरून." तिने खरंच वहीच्या मागच्या पानावर काढला आणि त्याला सांगितलं, "दादा, तुम्ही दर रोज थोडे थोडे तोट्यात आहात." तो बिचारा कल्याण येईपर्यंत गप्प. मग आमच्याकडून भाडं घेताना म्हणाला, "तुम्ही बँकेत लागा ताई, तुम्ही माणसाला तोंडावर सांगता." तिला खरंच बँकेतच लागायचं होतं. पदवी हातात आली की परीक्षेचा फॉर्म भरायचा, हे ती रोज एकदा तरी म्हणायची.

एसवायला मला कॉलेजच्या ऑफिसात काम मिळालं. कमवा आणि शिका. लेक्चर्स झाली की दोन-तीन तास. आवक रजिस्टरला नोंदी करायच्या, कागद पंच करून फायलींना लावायचे, झेरॉक्स, कम्प्युटरवर याद्या टाइप करायच्या. ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी मला निवडलेलं. अक्षर चांगलं म्हणून. मॅडम गोड बोलायच्या. कधी आवाज चढवला नाही. मला बाळा म्हणायच्या. मी घरी येऊन सारखी मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या. मम्मी कंटाळायची.

दिवाळीत मॅडमनी मला डबाभर चकल्या दिल्या. डबा रिकामा कसा परत द्यायचा? मम्मीने रात्री बसून करंज्या केल्या. पीठ मऊ मळलं, सारणात वेलची घातली, फुटलेल्या बाजूला काढून आम्हाला दिल्या आणि चांगल्या तेवढ्या मॅडमच्या डब्यात रचल्या. मी तो डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला. "अगं कशाला हे," म्हणत त्यांनी झाकण उघडून बघितलं, हसल्या. अर्ध्या तासाने मी झेरॉक्स काढून आले तर शिपाई काका दारामागे उभे राहून करंज्या खात होते. डबा धुऊन खिडकीत पालथा घातलेला. "आमच्याकडे गोड कोणी खातच नाही गं," मॅडम म्हणाल्या. त्याच टेबलावर कोणाच्या तरी बढतीचे पेढे होते. त्यातला एक त्यांच्या तोंडात होता.

मी मम्मीला सांगितलं, मॅडमना करंज्या खूप आवडल्या. मूग गिळून गप्प बसायची मला एवढी सवय लागलेली की खोटं बोलतानासुद्धा जड गेलं नाही.

मग टीवाय. शेवटचं वर्ष. त्या वर्षी सगळं बिघडलं. सरकारकडून फी येईना. आधी म्हणाले पोर्टल बंद आहे. मग म्हणाले पुढच्या महिन्यात. मग कळलं, यंदा बजेटमध्येच कात्री लागली आहे. पोर्टलवर आमच्या नावापुढे लिहून यायचं, अर्ज मंजूर, निधी उपलब्ध नाही. मी ऑफिसातच असायचे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. संस्थेची मोठी माणसं प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये येऊन गेली. प्रिन्सिपलांनी मॅडमना बोलावलं. मॅडम बाहेर आल्या त्या सरळ माझ्या खुर्चीजवळ.

"बाळा, शिष्यवृत्तीवाल्यांची यादी काढ. ज्यांची आली नाही त्यांची. दर सोमवारी वर्गात वाचायची. भरा म्हणावं, सरकारचे आले की परत मिळतील. नाही भरले तर हॉलतिकीट नाही."

यादी काढली. टीवायमधले बावीस जण. त्यात प्रज्ञा. त्यात मी.

"वर्गात तूच वाच," मॅडम म्हणाल्या. "सरांनी वाचली की पोरांना लागतं. तू वाचलीस तर नाही लागणार. त्यांच्यातलीच आहेस ना तू."

मी मान हलवली. मग त्यांनी पेन घेऊन यादीतल्या माझ्या नावावर हलकीशी रेघ मारली.

"तुझं नाव नको वाचूस. तू ऑफिसचं माणूस. तुझं आपण शेवटी बघू."

काय सांगू, मला तेव्हा बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आपल्यावर कोणीतरी माया करतंय असं वाटलं. त्या दिवशी मी ऑफिसातून निघताना मॅडमच्या पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवली.

पहिल्या सोमवारी मी वर्गात गेले. तेच अकाउंट्सचे सर. "या या," म्हणाले, "आता ऑफिसच्या झालात तुम्ही." टेबलाजवळ मला उभं राहायला जागा करून दिली. मी यादी वाचली. एकेक नाव घेतलं की त्याने उभं राहायचं. ही ऑफिसची पद्धत, म्हणजे हजर कोण ते कळतं. मी नाव घेत गेले, ते उठत गेले. प्रज्ञा चौथी. तिचं नाव मी घेतलं. ती उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. एकवीस नावं वाचून मी यादीची घडी केली.

संध्याकाळी रिक्षात आम्ही शेजारी बसलो. कॉस्टिंगचं गणित झालं नाही.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा. त्या दिवशी परत येताना तिने विचारलं,

"तुझी आली का गं फी?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे माझं ॲडजस्ट झालं काहीतरी."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. पण तिला खरंच बरं वाटलेलं. निदान एकीचं तरी झालं, असं. तिच्या तोंडावर ते दिसत होतं. मी बाहेर बघत बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पंधरा मिनिटांचा रस्ता होता, एवढा वेळ होता, आणि माझं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या सोमवारी मी तिचं नाव घेतलं तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. "गैरहजर," सर म्हणाले. मी तिच्या नावापुढे टिंब दिलं.

घरी गेले तर तिची आई आमच्याकडे बसलेली. प्रज्ञाने कॉलेज सोडलं म्हणाली. शहाडच्या पलीकडे जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते. मालकाकडून उचल घेतली आहे, त्यातून घरभाडं भरलं. मावशी रडत नव्हती. मम्मीला सांगत होती, "पोरगी म्हणते, सारखं उभं राहून पाय दुखतात. मी म्हटलं, वर्गात कशाला उभं राहायला लागतं? तर काही सांगत नाही." मग माझ्याकडे वळली. "काय गं, तुला माहितीये का?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, सकाळी मी पुन्हा ऑफिसात गेले. नोंदी केल्या. पंच मारले.

दोन दिवसांनी मॅडमनी मला ठाण्याला पाठवलं. सरकारी ऑफिसात आमच्या कॉलेजची फाइल द्यायची आणि पोच घ्यायची. जिन्यापासून फायलींचे गठ्ठे. सुतळीने बांधलेले, वर कॉलेजांची नावं. टेबलावर एक वयस्कर क्लार्क डबा खात होते. भाजी शेवग्याची. त्यांनी एका हाताने फाइल घेतली, शिक्का मारला. मी विचारलं,

"सर, पैसे कधी येतील?"

"नाहीत."

"म्हणजे कधी?"

"अगं मुली, नाहीत म्हणजे नाहीत. वरूनच आले नाहीत. तरतूदच कमी केली तर मी कुठून आणू? माझ्या खिशातून देऊ?" मग म्हणाले, "तू विद्यार्थी की ऑफिसची?"

"दोन्ही."

त्यांनी घास खाली ठेवला. "तुमच्याकडे पोरांकडून फी मागतात का?"

"हो. हॉलतिकीट अडवतात."

"मागायची नसते. अडवायचं तर मुळीच नसतं. सरकारचं आणि कॉलेजचं काय ते आपसात. पोरांना मध्ये घ्यायचं नाही. पत्रक गेलंय सगळ्यांना. तुमच्या फाइलला असेल बघ."

मी परत आले. ऑफिसात कोणी नव्हतं, मॅडम जेवायला गेलेल्या. आवक रजिस्टर उघडलं. पानं मागे मागे नेली. सापडलं. शिष्यवृत्ती, पत्रक, आणि पुढे फाइल नंबर. अक्षर माझं. फाइल काढली. पत्रक होतं. त्याच्या कोपऱ्यात गोल शिक्का, तो मी मारलेला. कडेला दोन भोकं, ती मी पाडलेली. पहिली यादी वाचण्याच्या किती तरी आधी ते आलेलं. विद्यार्थ्यांकडून फी मागू नये, परीक्षेला बसण्यापासून अडवू नये. दोन ओळी. साध्या मराठीत. शेंबड्या पोराला कळतील अशा.

मी तो कागद हातात धरलेला, नोंदवलेला, लावलेला. वाचला नव्हता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाचता येत नव्हतं म्हणून लुबाडलं गेलं. मला वाचता येत होतं. चांगलं अक्षर होतं. तरी मी वाचलं नाही, कारण मला काम दिलेलं ते पंच मारायचं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. खरंच मारली एक. गाल चुरचुरला.

मॅडम आल्यावर मी पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं.

"मॅडम, हे."

त्यांनी बघितलं. चष्मा पुसला. "अगं बाळा, पत्रकं येतच असतात. पत्रकाने पगार होतात का? संस्थेने चालवायचं कसं?"

"पण मग पोरांना का उभं करायचं?"

"तुला काय त्रास आहे?" त्या म्हणाल्या. अजूनही गोड. "तुझं नाव तर मी वगळलंच ना?"

हे ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला एकदम दिसलं, त्या एका रेघेची किंमत काय होती. माझं नाव वगळलं म्हणून मी प्रज्ञाचं नाव घेत होते. करंज्या दारामागे दिल्या तेव्हाही मी गप्प, सून म्हणाले तेव्हाही गप्प, आणि आता तर मी नुसती गप्प नव्हते, मी त्यांचं तोंड झालेले. सरकारने वर कुठेतरी आकडा कमी केला. बाकीचं घाणेरडं काम खाली आम्हीच आमच्यावर करत होतो, दर सोमवारी, स्वच्छ उच्चारात. मी काही न बोलता पत्रकाच्या झेरॉक्स काढल्या. मॅडमना वाटलं मी समजले.

सोमवारी शेवटची यादी. त्यानंतर हॉलतिकिटं वाटायची होती. वर्ग भरलेला. सरांनी मला जागा करून दिली. मी पहिलं नाव घेतलं. माझं.

"हे काय?" सर म्हणाले.

"यादीत आहे सर. पहिल्या दिवसापासून आहे. मी वगळून वाचत होते." मग मी वर्गाकडे वळले. "तीनदा वाचली ही यादी, तिन्ही वेळा खोटी वाचली. माझी पण फी आलेली नाही."

मी पत्रक वाचलं. दोन्ही ओळी. सर म्हणाले, "हे वाचायला तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. आता कोणी उठू नका. कोणाचं नाव घेतलं तरी उठायचं नाही."

टाळ्याबिळ्या काही पडल्या नाहीत. शहापूरकडचा एक मुलगा होता, आदिवासी हॉस्टेलवर राहायचा, तीन वर्षांत माझ्याशी कधी बोलला नव्हता. तो तिसऱ्या बाकावरून म्हणाला, "आता सांगतेस होय? एवढे दिवस काय करत होतीस?"

तरी तो उठला आणि माझ्याबरोबर ऑफिसकडे आला. मग दुसरा. मग मुली. सगळे नाही आले. यादीतले अकरा जण आम्ही ऑफिसच्या दारात फरशीवर बसलो. झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात. ऑफिसात फी भरायला आलेले पालक आम्हाला ओलांडून जात होते, खाली वाकून वाचत होते. दुपारपर्यंत प्रिन्सिपलांनी हॉलतिकिटं सोडली. सगळ्यांची, बावीसच्या बावीस. सोडताना म्हणाले, "माणुसकीच्या नात्याने देतोय."

माणुसकी म्हणे. फाइलला लावलेला कागद निघाला म्हणून दिलीत.

मी माझी बॅग घ्यायला आत गेले. मॅडम खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मी ठीक आहे म्हटलं. दारापर्यंत आले तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"मी किती केलं तुझं. पण तुम्ही लोक शेवटी जातीवरच जाता."

बाळा नाही म्हणाल्या. मला ते आवडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी खरं बोलल्या.

प्रज्ञाचं हॉलतिकीट मी सही करून घेतलं आणि तशीच शहाडला उतरून कारखान्यात गेले. पत्र्याची शेड. निळ्या धुळीने सगळ्यांचे हात, भुवया निळ्या. ती जीन्सच्या ढिगाऱ्याजवळ खाली बसलेली, बोटांत छोटा कटर. टक टक धागे उडवत होती. मी हॉलतिकीट पुढे केलं.

"तुझं आहे. मिळालं. पेपर पुढच्या मंगळवारपासून."

तिने वाचलं. दोन्ही बाजूंनी. मग मी तिला सगळं सांगितलं. यादी, रेघ, पत्रक. ती धागे कापत ऐकत राहिली.

"तुझं नाव का नाही वाचलंस?" तिने विचारलं.

"भीती वाटली गं."

"मला पण वाटत होती. मी उभी राहत होते."

मी रडायला लागले. बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, प्रज्ञा, चुकले, मला माफ कर. तिने कटर खाली ठेवला, ओढणीने हात पुसले. मला वाटलं हात धरेल.

"नाही करणार," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही. तू जा. मालक ओरडेल."

मंगळवारी ती आली नाही. उचल फिटल्याशिवाय मालक सुट्टी देईना. दिवस गेला की पगार कापून उचल वाढणार. तिची आई म्हणाली, ती पहाटे उठून तयार झालेली, केस विंचरून बसलेली, आणि मग डबा घेऊन कामावरच गेली. सहा पेपर, सहा वेळा माझ्या पुढचा बाक रिकामा. कॉस्टिंगच्या पेपरला तिने रिक्षात शिकवलेलं गणित जसंच्या तसं आलं. मी तिच्याच पद्धतीने सोडवलं. पैकीच्या पैकी पडले असणार. मला ते मार्क नकोसे झालेत.

आता निकाल लागला आहे. मी पास. पण गुणपत्रिका आणि दाखला कॉलेजकडे. पुन्हा तेच, फी बाकी. माझ्याबरोबर दारात बसलेल्या बाकीच्या दहा जणांचंही अडवलं आहे. माझ्यासाठी मात्र एक वेगळी सोय केली आहे. मॅडमनी शिपाई काकांच्या हातून घरी कागद पाठवला. टाइप केलेला, खाली सहीपुरती जागा. मी गैरसमजातून वर्गात चुकीची माहिती वाचली, त्यामुळे संस्थेची बदनामी झाली, मी बिनशर्त माफी मागते. एवढी सही केली की माझी गुणपत्रिका सोडणार. फक्त माझी.

पप्पा ड्यूटीवर निघालेले. युनिफॉर्मची बटणं लावत त्यांनी कागद वाचला. "करून टाक सही," म्हणाले. "कागदच आहे. वर्ष वाया जाईल तुझं. आम्ही काय कमी सह्या केल्या कंपनीत."

"मग मिळालं काय पप्पा?"

त्यांनी टोपी घेतली आणि गेले. मला वाईट वाटलं. त्यांना दुखवायचं नव्हतं. पण विचारलं ते परत घेणार नाही.

माफीचं म्हणाल तर मला ती मागायची होती आणि मी मागितली. धुळीत उभी राहून, चार बायकांसमोर, जिची मागायला हवी तिची. तिने ती दिली नाही, तो तिचा अधिकार आहे. मी पुन्हा जाईन, पुन्हा मागेन, ती देईपर्यंत किंवा कधीच देणार नाही असं सांगेपर्यंत. ते माझं आणि तिचं. पण मॅडमची, सरांची, प्रिन्सिपलांची, संस्थेची माफी? कशाबद्दल? मी वाचलं त्याबद्दल?

सोमवारी आम्ही अकरा जण ठाण्याच्या त्या सरकारी ऑफिसात तक्रार घेऊन जातोय. गुणपत्रिका सुटल्या तर अकराच्या अकरा सुटतील, आणि प्रज्ञाला पुन्हा परीक्षेला बसायची लेखी परवानगी मिळेल. त्याच्या आधी माझी एकटीची घरी आली तर मी ती परत नेऊन देईन. वर्ष जाऊ दे, दोन जाऊ देत. मी सही करणार नाही.